बटणांचा डबा

आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणतात. माझी ती सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं, मी शाळा सोडली तेव्हा तिनेच इथे आणून मशीनवर बसवलं. तिला कोणी वाकडं बोललं की माझं डोकं सटकतं. सटकणारच!

मावशी शर्टांना काजं करते, बटणं लावते. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यावर पत्ते पडतात, आणि हिशेब तिच्याकडे. टवके उडालेल्या बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसते. दिवसभरात तेवढाच वेळ ती खळखळून हसते. पत्ते वाटले की आपण किती हात करणार ते आधी बोलायचं. बोललात तेवढेच झाले तर तेवढी बटणं. एक कमी झाला तर भोपळा, एक जास्त झाला तरी भोपळाच.

कापड कापणाऱ्या कटिंग मास्तरला हा शेवटचा नियम कधी पटलाच नाही. परवा तो तीन बोलला, झाले चार.

"तीन तरी द्या, मावशी. जास्तच केले ना? चोरी तर नाही केली!"

"काजं तीन आणि बटणं चार, असला शर्ट घालाल का, मास्तर?"

सगळे फिदीफिदी हसले. मास्तर लालेलाल. "भाचीला बरी मिळतात बटणं! घरचाच कारभार सगळा. उद्यापासून डबा माझ्याकडे."

मी उठलेच होते. मावशीने मनगट धरून खाली बसवलं. आणि बाकीचे? इतकी वर्षं तिच्या हातून बटणं घेणारे? माना खाली. मावशीने पुढचा डाव वाटला.

त्या डावात मावशी दोन बोलली. दोन झाले. शेवटचं पान उरलं, उतारी मास्तरची. त्याचा स्वतःचा डाव केव्हाच बुडाला होता, पण मेल्याने चौकटची दुर्री राखून ठेवलेली. ती टाकली. हुकूम संपलेले, चौकट कोणाकडेच नाही. फक्त मावशीकडे तिर्री. नको असलेला हात तिच्या गळ्यात पडला.

"मुद्दाम केलंस तू!" मी मास्तरवर ओरडले.

"गप गं. आज पहिल्यांदा डोकं लावून खेळलेत ते." मावशीने डबा मास्तरकडे ढकलला. "घ्या. करा माझा हिशेब."

मास्तर घुटमळला. मग गुपचूप दोन बटणं काढून तिच्यापुढे ठेवली. दया दाखवतोय!

मावशीने ती उचलून खण्णकन डब्यात टाकली. "बोलले दोन, झाले तीन. भोपळा, मास्तर. तुम्हाला दिला तोच मला."

कोणी हसलं नाही. मास्तरने डबा हळूच तिच्या मांडीवर ठेवला. पण 'चुकलो' म्हणायला जीभ झडली असती का त्याची? आणि ते बाकीचे नंदीबैल लगेच, "चला मावशी, पुढचा डाव, पुढचा डाव!"

मी पत्ते इतक्या रागाने पिसले की अर्धे खाली सांडले.

"उचल," मावशी म्हणाली, "आणि नीट वाट. सगळ्यांना सारखे."