कॉफीच्या दोन बरण्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी निवृत्त झालो, माझा राग काही झाला नाही.

तेव्हा मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या मेडनहेडच्या बाजूला पोलिसांत बंदूक परवान्यांचं काम पाहत होतो. एके सकाळी एका शूटिंग क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. रेंजवर एका सभासदाची रायफल फुटली होती आणि त्याचा उजवा डोळा कायमचा गेला होता. हा माणूस हाउन्सलोला बस चालवायचा. "रायफलमध्ये दोष नाही, काडतुसं तपासा," सेक्रेटरी म्हणाला. उरलेली काडतुसं लॅबला पाठवली. रायफलच्या काडतुसांत पिस्तुलाची, भराभर जळणारी बंदुकीची दारू भरलेली निघाली.

जखमी माझ्यासारखाच मराठी होता. हॉस्पिटलमध्ये त्याने जबाब दिला, "मी नवशिका, साहेब. घरी रिकाम्या काडतुसांत दारू भरायला मित्र शिकवत होता. ही त्यानेच भरून दिली." मित्राचा जबाब नेमका उलटा. "मी त्याला फक्त एकदा दाखवलं. नंतर ही मस्ट हॅव डन इट हिमसेल्फ." परवाना दोघांकडे होता, साक्षीदार कोणीच नव्हता. मित्राचं म्हणणं टिकलं असतं, तर डोळा आणि नोकरी गमावलेल्या माणसावरच सगळा ठपका आला असता.

वॉरंट घेऊन आम्ही मित्राच्या घरी गेलो. त्याची आई नाशिकहून आली होती. झडतीला आलेल्या पोलिसांनाही तिने चहा टाकला. आईस्क्रीमच्या डब्यातून साखर निघाली, बिस्किटांच्या डब्यातून चहापत्ती, जॅमच्या बरणीतून वेलदोडे. माझा गोरा सहकारी बघतच राहिला. आमच्याही घरात हेच चालतं; दारूही अशीच भलत्या बरणीत असेल, असं वाटून मी तडक उठून गॅरेजमध्ये गेलो.

फळीवर कॉफीच्या दोन सारख्या बरण्या होत्या. लेबल नाही, आत काळपट दाणे.

"यातली रायफलची दारू कुठली?" मी विचारलं.

त्याने डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे.

"मूळ डबे कुठेत?"

"रिसायकलिंगला टाकले. फार जागा खातात हो."

दारू मूळ डब्यातून दुसऱ्या बरणीत काढून ठेवू नये, हे या छंदात पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि हा शिकवणारा, वर इंजिनियर! मी बरण्या जप्त करायला सांगितल्या, तसा तो म्हणाला, "आईने किचनसारखं इथेही आवरलं असेल. तिनेच बरण्या मिक्स केल्या असणार."

आई दारातच उभी होती, हातात माझा कप. "हो, मीच केलं असेल," ती घाईघाईने म्हणाली. "चूक माझी, साहेब. त्याला काही करू नका."

"आई, तुम्ही इथे कधी आलात?"

"गेल्या रविवारी."

रायफल फुटून तोवर महिना झाला होता. तिच्याही ते लक्षात आलं. ती मुलाकडे पाहत राहिली. त्याने मान खाली घातली. सगळ्या नोकरीत मी संशयितावर एकदाच ओरडलो, तो हा दिवस. स्टेशनवर वकिलासमोर त्याने दहा मिनिटांत सगळं कबूल केलं. परवाना रद्द झाला, खटला उभा राहिला.

चूक कोणाच्याही हातून होते. पण ती आधी मित्राच्या, मग आईच्या गळ्यात घालणाऱ्याच्या हाती बंदूक नको, एवढं मी शिकलो. त्यानंतर परवान्यासाठी आलेल्या प्रत्येकाला मी विचारायचो, शेवटची चूक कोणती केलीत? "मी चुकतच नाही" म्हणणाऱ्याची फाइल मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचो.

तपासाचा निकाल कळवायला जखमीला फोन केला, तेव्हा घडलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या काकूंना सांगाल का, त्यांचा यात काहीच दोष नाही?"

मी स्वतः जाऊन सांगितलं. जामिनावर सुटलेला मुलगा घरात असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.