दिवसाउजेडीचा बाप

विनीत मुणगेकरने लायनीवर जावं की जाऊ नये, यावर लालबागच्या त्या चाळीत सगळ्यात कमी कोण बोललं असेल तर विनीत.

लायन म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक. मुंबईत माल भरायचा, कानपूर, लुधियाना, कुठेतरी नेऊन खाली करायचा, तिकडचा माल भरून परत यायचं. विनीत तेव्हा छोटा टेम्पो चालवत होता. शिवडीच्या गोदामातून साबण, बिस्किटं, तेलाचे डबे उचलायचे आणि दादर, गिरगाव, वरळीच्या दुकानांत टाकायचे. अंतर असं काही नव्हतं. पण प्रभादेवीचा पूल तोडायला घेतल्यापासून परळच्या सिग्नलला माणूस म्हातारा होऊ लागला होता. विनीत उजाडायच्या आधी निघायचा आणि घरी यायचा तेव्हा त्याची मुलगी श्रेया झोपलेली असायची. रविवारी ती जागी असायची, तर हा झोपलेला.

गोदामाचे मालक राजेशभाई एकदा म्हणाले, "विनीत, हेवी लायसन खिशात घेऊन बिस्किटं काय वाटतोस? मोठी गाडी घेतलीय मी. लायनीवर जा. शिकवायला शिवा आहे."

विनीतने घरी सांगितलं आणि जेवणाची ताटं तशीच राहिली.

पहिले कडाडले ते त्याचे वडील. गुणाजी मुणगेकर, वय सत्तरीच्या आसपास, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले, आवाज अजून साच्यांच्या वर चढवून बोलायची सवय असलेले.

"काय्येक नको! चेडवाक, आमच्या श्रेयाक, बापूस डोळ्यांसमोर व्हयो. लायनीवर गेलेलो माणूस घरचो रवणा नाय."

विनीतची आई रमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ह्या कोण बोलता? तुमी गणपतीक इलास की आरती करून परत. हो तुमचो झील माका इचारी, आये, ते मुंबैचे काका कधी जातले?"

"ता येगळा," गुणाजी म्हणाले. "तेव्हा गिरण होती."

खरंच गिरण होती. गुणाजी लालबागच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचे, खानावळीत जेवायचे आणि देवगडच्या घरी पाहुण्यासारखे जायचे. गिरणी बंद पडली तेव्हा कुठे त्यांनी बायकोमुलांना मुंबईत आणलं. तोवर विनीत बिनबापाचा चालायला, बोलायला आणि झाडावर चढायला शिकला होता.

चाळीतल्यांनीही हातभार लावला. समोरच्या कालिंदीकाकूंनी लायनीवरच्या कोणाचं तरी दुसरं लग्न कसं झालं ते सांगितलं. खालच्या मसाला कांडपवाल्याने घाटातल्या अपघातांचं वर्णन केलं, तेही मशीन बंद करून, म्हणजे एकही शब्द वाया जाऊ नये. सगळ्यांचं मत एकच पडलं. पोरगी एवढीशी आहे, बापाने रोज संध्याकाळी घरी असलं पाहिजे. विनीत रोज संध्याकाळी घरी नसतोच, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. विनीतच्याही नाही.

आलं ते फक्त त्याच्या बायकोच्या. सुचित्रा परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. तिला नेमकं बोलायची सवय होती.

"तू जाणार म्हणून सगळे रडतायत," ती म्हणाली, "पण तू आत्ता कुठे आहेस रे?"

"म्हणजे? रोज येतो की घरी."

"येतोस. जेवतोस, झोपतोस. लॉज आहे ते."

विनीतला राग आला. त्याने मधला मार्ग काढला. एक फेरी शिवाबरोबर करून बघायची, मग ठरवायचं. निघताना गुणाजींनी बजावलं, "चेडवाक फोन करू नको. तुझा तोंड बगून रडतला. मगे सांबाळूक आमकाच." ते विनीतला पटलं. तो फक्त सुचित्राला फोन करायचा, तिच्या डब्याच्या सुट्टीत.

शिवा साताऱ्याकडचा, जाडजूड, कमी बोलणारा. विनीतने मनात लायनीचं एक चित्र रंगवलं होतं. मोकळा रस्ता, वारा, ढाबा, आणि मुलीच्या आठवणीने दाटून येणारा गळा. रस्ता मोकळा होता, वाराही होता. पण आठवण यायला जो निवांतपणा लागतो तो स्टिअरिंगवर मिळेना. तो मिळाला कानपूरच्या बाहेर, गोदामाच्या फाटकाशी. रंगाच्या बादल्या भरलेली गाडी खाली करून घ्यायला तिथे कोणी तयार नव्हतं. आधीच्या गाड्यांची रांग लागली होती. सकाळ गेली, दुपार गेली, दुसरा दिवस उजाडला.

"हीच खरी लायन," शिवा ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकत म्हणाला. "चालवणं थोडं, बसणं फार."

"घरी काय म्हणतात तुमच्या?"

शिवाने तंबाखू मळत विचार केला. "लई मान देतात. मी गेलो की मटण. पाहुण्यांचं स्टीलचं मोठं ताट काढतात माझ्यासाठी. मागं पोराला म्हटलं, पाणी आण रे. तर म्हणाला, बसा, आणतो." त्याने तंबाखूची चिमूट ओठात धरली. "अहो-जाहो करतं पोरगं मला. मी कधी शिकवलं नव्हतं."

विनीतचा निर्णय तिथेच झाला. लायन नको. राजेशभाईंना नकार द्यायचा, टेम्पो बरा. परतीच्या वाटेवर तो हलका झाला होता. श्रेया कशी धावत येईल, कशी बिलगेल, हे तो नाशिकपासून ठरवत आला.

गाडी शिवडीला लागली तेव्हा सकाळ होती. श्रेया बालवाडीत असणार. विनीत घरी गेलाच नाही, सरळ बालवाडी सुटायच्या वेळेला दारात जाऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टावर डिझेलचा डाग. आज्या आणि आया यांच्या गर्दीत तो एकटाच पुरुष होता.

"आपण कोण?" ललिताबाईंनी विचारलं. त्या बालवाडीच्या शिक्षिका, आणि मूल कोणाच्या हाती द्यायचं याबाबत कडक.

"श्रेया मुणगेकरचा पप्पा."

बाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "तिला न्यायला आजोबा येतात."

"हो, पण बाप मी आहे."

"असाल. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही." त्यांनी आतून श्रेयाला आणलं. ती त्याच्याकडे बघून हसली, पण जागची हलली नाही. "श्रेया, कोण गं हे?"

श्रेया विचारात पडली. "पप्पासारखा आहे," ती म्हणाली.

"मग पप्पाच ना?"

"पप्पा तर रात्री येतो. मी झोपल्यावर."

"काल आला होता?"

"हो. रोज येतो."

विनीत तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं होतं, मुलगी वाट बघत असेल, रुसली असेल, फारच झालं तर विसरली असेल. तो गेला होता हेच तिला माहीत नसेल, असं काही त्याने कानपूरच्या रांगेत बसूनसुद्धा मनात आणलं नव्हतं. तेवढ्यात छत्री टेकत गुणाजी आले. बाईंनी त्यांना विचारलं, "ह्यांना ओळखता का?" गुणाजींनी मुलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "व्हय," ते जरा नाराजीनेच म्हणाले. "आमचोच आसा."

घरी त्याने सुचित्राला गाठलं.

"तुझे अप्पा रोज सकाळी सांगायचे तिला," ती म्हणाली. "पप्पा राती इल्लो, सकाळी गेलो. मी अडवणार होते. पण विचार केला, एरवीही आपण तिला हेच सांगतो. आणि ती कधीच रडली नाही, विनीत. एकदाही नाही."

विनीतने गॅलरीत जाऊन शर्टावरचा डिझेलचा डाग धुतला. मग त्याने घरात येऊन विचारलं, "आता किती दिवस सुट्टी आहे मला?"

"गाडी पुन्हा भरेपर्यंत, असं तूच म्हणाला होतास."

त्या सुट्टीत त्याने श्रेयाला उजेडात पाहिलं. ती आमटी ओरपते, जिना उतरताना पायऱ्यांना नावं देते, आणि आजीसारखीच "आये गे" म्हणते, हे त्याला नव्याने कळलं. तिलाही बहुधा त्याच्या गालावरचा तीळ नव्याने दिसला, कारण ती तो नखाने काढायला बघत होती. टेम्पोवर हे काही मिळणार नव्हतं; लायनीवर दोन फेऱ्यांच्या मध्ये असे दिवस मिळणार होते. ज्या कारणासाठी लायन नको असं ठरलं होतं, त्याच कारणासाठी त्याने लायन घेतली.

चाळीला हे समजावणं अवघड होतं, म्हणून त्याने समजावलं नाही. तो फेरीवर असला की कालिंदीकाकू श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवत "बिचारी" म्हणायच्या. तो घरी असला, भर दुपारी गॅलरीत लेकीच्या वेण्या घालत बसला, की त्याच काकू सुचित्राला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "काम सुटलं का गं त्याचं?" वेण्या वाकड्या यायच्या. श्रेया त्या तशाच मिरवायची. फेरीवर असताना तो आता तिला दिवसाच फोन करायचा. ती कधी बोलायची, कधी भातुकलीत रमलेली असली तर सरळ बंद करायची. एकदा मात्र रडली, तो निघताना, पायाला मिठी मारून. सुचित्राने तिला सोडवलं. विनीत शिवडीपर्यंत चालत गेला आणि वाटेत त्याला स्वतःची लाज वाटली, कारण त्याला बरं वाटत होतं.

पुढे एका फेरीनंतर माल मिळेना आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली. विनीत खुशीत होता. श्रेयाला बालवाडीत सोडणं, आणणं, वरळी कोळीवाड्यात होड्या दाखवायला नेणं, सगळं तोच करत होता. ललिताबाई त्याला नावाने ओळखू लागल्या होत्या. गुणाजी मात्र गॅलरीतल्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून गप्प बसायचे. आपल्या मुलाच्या वेळी चुकलेलं सगळं ते नातीपाशी उशिरा का होईना करून घेत होते, आणि आता भर दिवसा घरात दुसराच बाप येऊन बसला होता.

एक दिवस राजेशभाईंनी विनीतला बोलावलं. ते हसत होते.

"तुझे अप्पा आले होते रे सकाळी. लालबागपासून चालत, एवढ्या उन्हात. पाणी पण घेतलं नाही."

"कशाला?"

"मला विचारत होते, आमच्या झिलाची गाडी कधी भरतलास? मी म्हटलं, मालच नाही. तर तापले माझ्यावर. म्हणाले, माणसाने किती दिवस घरात बसायचं?"

विनीतला हसू आलं, मग आवरलं. घरी गेल्यावर त्याने यातलं काही कोणाला सांगितलं नाही. बालवाडी सुटायची वेळ झाली होती. तो पायाचा अंगठा दुखतोय म्हणून खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "अप्पा, आज तुम्ही आणता का तिला?"

गुणाजी उठले तेव्हा छत्री आधीच त्यांच्या हातात होती.