नावं खरवडलेल्या तबकड्या

कानाने गाणं ऐकणाऱ्या माणसांची आमच्या साडूंना मनापासून कीव येते. कान हा त्यांच्या मते बातम्या आणि बायकोची बोलणी ऐकण्यापुरता दिलेला अवयव. गाणं ऐकायचं ते पोटाने. रॉटरडॅमला त्यांच्याकडे मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा जेवणानंतर सुपारी देण्याऐवजी त्यांनी मला घरामागच्या गॅरेजात नेलं आणि कपाटाएवढ्या स्पीकरसमोर उभं केलं. ताईंच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या, हातची बासुंदी पोटात जागची हलली. माझा चेहरा पाहून साडूंनी समाधानाने मान डोलावली आणि तेव्हापासून मला त्यांनी आपला माणूस मानलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. मला शांतता आवडते, आणि मी राहतो त्या ब्रेडासारख्या गावात ती हवी तेवढी मिळते.

हे खूळ त्यांना बंदरावर लागलं. ते तिथे एका कंपनीत कंटेनरचा हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम लिहीत, आणि त्यांची दोस्ती जमली ती जमैकाहून लंडनमार्गे आलेल्या एका म्हाताऱ्या क्रेनवाल्याशी. त्याने यांना रेगे नावाचं तिकडचं खर्जातलं संगीत ऐकवलं, स्पीकरची खोकी कशी बांधायची ते शिकवलं आणि एक दिवस आपल्या सगळ्या तबकड्या यांच्या हवाली करून तो वारला. मग साडू फर्निचरच्या दुकानात गेले तरी कपाटांच्या दारांवर टकटक करून खर्ज ऐकत बसत, आणि ताई दुसऱ्या रांगेत जाऊन हे आपले कोणी नव्हेत अशा चेहऱ्याने उशा बघत. कुणाचाही वाढदिवस असो, केक कापून झाला की साडूंचं सुरू होई. जमैकातल्या किंग्स्टनच्या गरिबांना वाद्यवृंद परवडत नसे, मग दुकानदार गिऱ्हाईक जमावं म्हणून रस्त्यावर स्पीकर कसे मांडत. ती खोकी माणसाहून उंच कशी झाली आणि गल्लीगल्लीत चुरस कशी लागली. पुढे ही माणसं पोटासाठी इंग्लंडला आली, त्यांना कुणी नाचघरात घेईना, तेव्हा तळघरांत खोकी रचून त्यांनी आपलं नाचघर कसं उभं केलं. आणि तिथून ते हॉलंडात, पार जपानपर्यंत कसं पोचलं. इथे वाढलेली मुलं ‘ओके काका’ म्हणून पहिल्या वाक्यालाच पळ काढत. मी जावई माणूस, मला शेवटपर्यंत बसावं लागे.

त्या लोकांची एक रीत मात्र साडूंनी अंगाला लावून घेतली. चुरशीच्या दिवसांत आपलं हुकमी गाणं दुसऱ्या गल्लीवाल्याला कळू नये म्हणून ते तबकडीच्या मधल्या कागदावरचं नाव खरवडून टाकत. साडूंची तबकडी चोरायला अख्ख्या नेदरलँड्समध्ये कुणी टपलेलं नव्हतं. तरी रविवारी सकाळी मांडीवर टॉवेल घेऊन ते नाण्याने एकेक नाव खरवडत बसत. पुढे हाताला इतकी सवय झाली की स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही गेल्या, आणि ताईंच्या भावाने आल्या दिवशी चहात साखर समजून खाण्याचा सोडा घातला. कुठलं गाणं कुठे आहे, हे फक्त साडूंच्या बोटांना ठाऊक होतं.

त्यात एक गाणं ताईंचं होतं. लग्न होऊन त्या इथे आल्या तो पहिला हिवाळा त्यांनी पडदे ओढून काढला. नोकरी नाही, ओळख नाही, बाहेर दुपारीच अंधार. एका शनिवारी साडूंनी त्यांना गॅरेजात नेलं, त्यांचा तळहात लाकडी खोक्यावर ठेवला, आपला त्यावर ठेवला आणि विचारलं, “पोचतंय का गं?” ताई म्हणतात, त्या दिवशी मी रडले आणि सोमवारी डच शिकायला नाव घातलं. पुढे दर शनिवारी साडू शेवटी तेच गाणं लावत. नाव त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि ताईंनीही हौसेने विचारलं नाही.

आता साडूंचा विसर वाढलाय. आधी चष्मा, मग घराचा नंबर. मग हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथे आजाराला नाव मिळालं, औषध मिळालं नाही. गेले काही महिने ते ताईंना अहोजाहो करतात. ‘तुम्ही जेवलात का?’ असं पाहुणीला विचारावं तसं विचारतात. ताईंनी एकच धरून ठेवलं, ते गाणं लागलं की हे मला ओळखतील. मला काही तसं वाटत नव्हतं, पण तसं म्हणायचं कसं? दर शनिवारी मी ब्रेडाहून गाडी पकडू लागलो. बाहेर तोच राखाडी पाऊस, आत पांढऱ्या पाकिटांतल्या, मधोमध कोऱ्या तबकड्यांची भिंत. मी एकेक लावायचो, ताई मान हलवायच्या, आणि साडू प्रत्येक गाण्याला नव्याने खूश व्हायचे.

हिवाळा संपता संपता एक तबकडी लागली आणि ताईंनी मान हलवली नाही. मी काही विचारायच्या आत साडू खुर्चीतून उठले, ताईंचा हात धरून खोक्यापाशी गेले, तो लाकडावर ठेवला, आपला त्यावर ठेवला.

“पोचतंय का गं?”

ताईंनी नुसती मान डोलावली. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. संपल्यावर साडूंनी हात काढून घेतला आणि ताईंना बसायला खुर्ची दिली, “बसा ना,” म्हणाले. फोनवर मी ते रेकॉर्ड केलं होतं, पण त्यात चिरका आवाज तेवढा आला, खर्ज आलाच नाही. म्हणून मी तबकडीवर ताईंचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, पाकिटाला लाल पट्टी लावली, आणि गाडीत बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

पुढच्या शनिवारी साडू दारातच भेटले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “कुणीतरी आपल्या गाण्यावर खूण करून गेलं होतं. मी वेळेवर बघितलं म्हणून बरं.”

चिठ्ठी खरवडलेली, पट्टी काढलेली, आणि तबकडी पुन्हा भिंतीत कुठेतरी. त्यांच्या नखांत लाल पट्टीचा डिंक अडकला होता. मला भयंकर वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. मी ताईंकडे बघितलं. त्या साडूंच्या अंगावरचा स्वेटर नीट करत होत्या.

“माझं गाणं राखतायत ते अजून,” त्या म्हणाल्या. मग भिंतीच्या डाव्या टोकाची पहिली तबकडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.