चिपला दाखवलेलं ऊन

"मॅडम, सगळे आठच आठ दिसायलेत," बसवराज म्हणाला आणि पॅकिंग मशीनच्या डिस्प्लेकडे बोट केलं.

तूर बाजारात यायला लागली होती. त्याच्या औरादच्या डाळ मिलमध्ये डाळ तोलून पाकिटं भरणारं हे एकच मशीन. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. नवं मशीन त्याच्या आवाक्यात नव्हतं. हे चाललं नाही तर ऐन हंगामात मिल बंद. अशा मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करण्यातच माझी सगळी नोकरी सरली. रिटायर झाले तरी लोक बोलावतात.

विजेचा सप्लाय ठीक होता. मशीनची कंट्रोलची पेटी उघडली. बोर्ड लख्ख पुसलेला, वर हळदकुंकू. एका चिपच्या पाठीवरची काचेची बारीक खिडकी चमकत होती. तिच्यावर स्टिकर हवा होता.

"इथला कागद कुठे गेला?"

"मीच काढला की," बसवराजची बायको शांता म्हणाली. "खंडेनवमीला सगळं पुसून घेतलं. मळका कागद तसाच ठिवून पूजा करायची व्हय?"

"आणि मग?"

"पावसाळ्यात पेटीला ओल धरली हुती. म्हणून दिवाळीपर्यंत उघडीच गच्चीवर ठिवली. डाळीसंगट तिला बी ऊन दाखवलं."

आता ही गोष्ट ऐकणाऱ्या पोरांनो, जरा चिपबद्दल. कॉम्प्युटरची एक मेमरी पाटीसारखी असते. वीज गेली की कोरी. दुसरी रॉम, म्हणजे रीड ओन्ली मेमरी. वीज गेली तरी ती टिकते. चालू झाल्यावर पहिल्यांदा काय करायचं, पुढे काय करायचं, हे सगळं मशीन तिच्यातून वाचतं. तिच्यात लिहीत मात्र नाही, म्हणून ते नाव. या मशीनमध्ये तिचा जुना प्रकार होता, ईप्रॉम. तिच्यात असंख्य बारीक कप्पे असतात. एखाद्या कप्प्यात विजेचा कण कोंडलेला असतो, एखादा रिकामा असतो. एवढ्या फरकावर सगळा प्रोग्रॅम लिहिलेला. अल्ट्राव्हायोलेट किरण पडले की कोंडलेले कण निसटतात आणि चिप कोरी होते. पुन्हा लिहिता यावं म्हणूनच ती खिडकी, आणि चुकून पुसली जाऊ नये म्हणून स्टिकर. आम्ही हे काम दिव्याच्या पेटीत मिनिटांत करायचो. उन्हाला दिवस लागतात, पण तेही तेच करतं.

चिप लॅपटॉपला जोडून वाचली. पार कोरी.

"असंच दुसरं मशीन कुणाकडे आहे?"

शांता म्हणाली, "मंठाळला हाय, थोरल्या भावजींकडं. वाटणीत एकेक आलं. तवापासून दोघांचं बोलणं न्हाई."

"त्यो चिप देणार न्हाई," बसवराज म्हणाला.

"चिप नको. फक्त वाचू द्यायची आहे."

मंठाळला थोरले भाऊ काशीनाथअण्णा मशीनवर हात ठेवूनच उभे राहिले. "वाचताना हितलं पुसलं तर?"

"पोथी वाचून अक्षरं कमी होतात का?"

"पर तुमी ती उपसून काढणार. पाय मोडला तर?"

चिपचे पाय खरंच नाजूक असतात. "मोडू शकतो," मी म्हणाले. "म्हणून सावकाश काढीन."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "त्यो गाडीत कामून बसलाय? बोलवा. टॉर्च धरायला माणूस लागंल."

बसवराज आला. टॉर्च धरली.

"ऊन दाखवलास म्हणं. गादी हाय का ती?"

"ओल धरली हुती, अण्णा."

"आन मला फोन करायला तुझ्या हाताला काय धरलं हुतं?"

बसवराजने टॉर्च आणखी जवळ धरली. जराही हलू दिली नाही.

चिप निघाली, वाचली, परत बसली. पाय सगळे सरळ. मशीन सुरू झालं, तेव्हा अण्णांनी त्याच्यावरचा हात काढला आणि चहा सांगितला. तोवर मी बरोबर नेलेल्या दोन कोऱ्या चिपवर प्रोग्रॅम उतरवला. दोन्ही खिडक्यांवर काळी टेप लावली.

"एक ह्याची. दुसरी कुणाची?" अण्णांनी विचारलं.

"तुमची. जादाची."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि भावाच्या हातात दिली. "तुझ्याकडंच राहू दे. माझ्या गच्चीवर बी ऊन पडतंयच की."

संध्याकाळी नवी चिप बसवल्यावर औरादच्या डिस्प्लेवर आठांच्या जागी शून्य आलं आणि पहिलं पाकीट भरलं. शांताने हळदकुंकू आणलं, या वेळी पेटीच्या झाकणावर लावलं.

फॅक्टरीत आम्ही नियम लावला होता, बॅकअप, म्हणजे जादाची प्रत, आपल्याच छपराखाली ठेवू नये. कुणी पाळत नसे. या दोघांना तो सांगावाही लागला नाही.