दुसरा मोहोर

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. डिसेंबरात मुलुंडला छान गारवा यायचा. त्या वर्षी मात्र आभाळ भरून आलं आणि हवा कोंदट झाली. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून वर बघत होत्या.

"ढग इले गो. मोहोर काळो पडतलो."

सावंतवाडीजवळ त्यांची काजूची बाग होती. उघड्या डोंगरउतारावर सासऱ्यांनी आणि त्यांनी मिळून लावलेली. सासरे गेल्यावर सासूबाईंचे धाकटे दीर ती बघत. काजूला मोहोराच्या वेळी कोरडी थंडी लागते. ढगाळ हवेत कीड पडून मोहोर करपतो.

सासूबाई गावाला निघाल्या. वय साठीच्या पुढचं, गुडघे दुखरे. एकट्या कशा जाणार? अंधेरीच्या ऑफिसातून रजा काढून मीही एसटीत त्यांच्या शेजारी बसले.

बागेत पोचलो तर मोहोराचे तुरे जळल्यासारखे काळे. दीर हताश होऊन म्हणाले, "वयनी, ह्या वर्साचा गेला समजा."

 सासूबाईंनी प्रत्येक झाडाखाली जाऊन फांद्या खाली ओढून पाहिल्या. मग म्हणाल्या, "नवी पालवी फुटता हा. तेका मोहोर येतलो. तो तरी वाचवया."

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला असताना त्यांनी काष्टा घातला आणि औषधाचा पंप पाठीवर घेतला. मी विहिरीचं पाणी आणून देत होते. उतारावर त्यांचा पाय घसरायचा, पंपाचे पट्टे खांद्यात रुतायचे. मी म्हटलं, "आई, द्या ना माझ्याकडे."

"तू पाणी हाड. थांबा नको."

दीर बांधावर उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने पुढे आले आणि त्यांनी पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. मग आम्ही तिघांनी मिळून सगळी बाग फवारली.

माझी रजा संपली, मी परतले. त्या तिथेच राहिल्या. पुढे आभाळ निवळलं, थंडी पडली, आणि नव्या पालवीवर गुलाबीसर मोहोर आला. पीक उशिरा आलं, नेहमीच्या निम्मंच, पण आलं.

उन्हाळ्यात त्या मुलुंडला आल्या त्या ओल्या काजूगरांची पिशवी घेऊनच. काजूच्या चिकाने त्यांची बोटं सोलून निघाली होती. मी खोबरेल लावायला बसले, तर हात मागे घेत म्हणाल्या, "आधी उसळ कर गो. शेजारी पण दी."

मी उसळ करून वाट्या भरल्या आणि जिन्यावरून वाटत सुटले. कोणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, "आमच्या आईंच्या बागेतले."