रेकॉर्डपुरती वायर

"पपा, ही वायर कुठे जाते?"

"मागे जाते."

"मागे कुठे?"

"मागे म्हणजे मागे. ओढू नकोस."

"मी ओढली नाही, ती आपणहून हातात आली. हिचं दुसरं टोक कशालाच लागलेलं नाहीये, यार!"

"बापाला यार म्हणू नकोस. आणि सध्या नाही लागलेलं. पुढेमागे लागेल."

"मग काढते मी."

"काढायची नाही!"

गुणवंतराव ढवळे इतक्या जोरात ओरडले, की लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरांखाली ऊन खात बसलेला चौकीदार खुर्चीतून अर्धा उठला.

"साहब, आग लगी क्या?"

"लगी नहीं भैया," मोटारसायकलच्या पोटात हात घालून बसलेली समता म्हणाली, "लगने वाली थी. इसीलिए खोल रहे हैं."

मोटारसायकल बाहत्तर सालची. गुणवंतराव अमरावती सोडून दिल्लीला नोकरीवर आले तेव्हा करोल बागेतून घेतलेली, आणि तेव्हाच बऱ्यापैकी वयस्क. कारखान्यातून निघाली त्या दिवशी तिच्या अंगावर मोजक्याच वायरी असतील. पुढे गुणवंतरावांनी तिची हौस पुरवली. दिल्लीच्या धुक्यासाठी दोन पिवळे दिवे लावले. मग एफएम रेडिओ आला, मग मोबाइलचा चार्जर, स्टँड काढायचा राहिला तर कोकलणारा बझर, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे गाडी मागे घेताना वाजणारी धून. मोटारसायकलला मागचा गिअर नसतो हे त्यांना माहीत होतं. "पण पायाने ढकलली की जाते ना मागे?" असं त्यांचं म्हणणं. धुनेसाठी हँडलवर वेगळं बटण होतं.

एवढंही चाललं असतं. पण बझर बिघडला, फेकला, वायर तशीच राहिली. चार्जर दोनदा बदलला, त्याच्या तिन्ही पिढ्यांच्या वायरी एकत्र कुटुंबासारख्या टाकीखाली नांदत होत्या. कारण गुणवंतराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि जोडायचं, काढायचं नाही, हा तिथला धर्म. फायलीत कागद लागतो, फायलीतला कागद निघत नाही. साऱ्या नोकरीत त्यांना एकच मेमो मिळाला होता, तोही जास्तीची प्रत समजून एक कागद फायलीतून काढला म्हणून. ती जास्तीची प्रत नव्हती. तेव्हापासून त्यांनी घरातलं जुनं कॅलेंडरसुद्धा खिळ्यावरून उतरवलेलं नव्हतं. नवं त्याच्यावरच टांगायचं. वायरींचे जुडगे फायली ओवायच्या हिरव्या टॅगांनी बांधलेले होते, टोकाला पत्र्याची नळी असते तेच टॅग. आणि प्रत्येक वायरीला त्यांच्या गोल अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: क, ख, ग, घ.

एकुलती एक लेक समता मानेसरला मोटारींच्या वायरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वायरी सरळ करायची आणि रोज संध्याकाळी या गाडीला वळसा घालून जिना चढायची. तिच्या मते ती गाडी नव्हती, नूडल्सचा ठेला होता.

पण आता प्रश्न गाडीच्या जिवाचा होता. दिल्लीत जुन्या गाड्या भंगारात चालल्या होत्या. पन्नाशी उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवली गेली तर वाचत होती, अट एकच, तिने मूळ रूपात असायला हवं. तपासणी उद्या सकाळी. आणि मूळ रूपात मागे जाण्याची धून बसत नव्हती.

"करोल बागेच्या मिस्त्रीला बोलावतो," गुणवंतराव म्हणाले होते.

"त्यानेच तर हे सगळं जोडून दिलंय," सुमित्राबाई म्हणाल्या होत्या. "घरात पोरगी याच कामाचा पगार घेते, अन् तुम्ही मिस्त्री शोधता. समता करेल, नाहीतर गाडी भंगारात. बस."

सुमित्राबाईंच्या 'बस'वर कुठेच अपील नव्हतं.

तेव्हा आज रविवारचं ऊन अंगावर घेत बापलेक समोरासमोर बसले होते. समताचा बेत साधा होता. बॅटरी, एक फ्यूज, एक चावी. तिथून इंजिनाला, पुढच्या दिव्याला, मागच्या दिव्याला, ब्रेकला आणि हॉर्नला वायर. बाकी सगळं बाहेर.

"असं एकदम बाहेर नाही काढता येत," गुणवंतराव म्हणाले. "एकेक वायर माझ्यासमोर ठेव. कारण सांग. मी विचार करतो."

समताने पक्कड खाली ठेवली आणि हात जोडले. "सर, विषय पिवळी वायर, चिठ्ठी 'ग'. एफएम रेडिओची. रेडिओ मी सहावीत असताना बंद पडला. वायर काढण्यास मंजुरी असावी."

"चर्चा करावी."

"पपा!"

"रेडिओ दुरुस्त झाला तर?"

"सर, रेडिओ आईने भंगारवाल्याला दिलाय."

"कधी?" गुणवंतरावांनी दचकून वर पाहिलं.

पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत सुमित्राबाई गाद्या उन्हात टाकत होत्या. "सहावीतच," त्या वरूनच म्हणाल्या.

'ग' मंजूर झाली. मग 'क', मग 'ख'. प्रत्येक वायरीच्या वेळी गुणवंतराव डोळे मिटायचे, पक्कड वाजली की उघडायचे. धुनेच्या निळ्या वायरीपाशी मात्र ते अडून बसले. ती धून ऐकूनच समता लहानपणी धावत खाली यायची, असं काहीतरी पुटपुटले. "मी धावत यायचे कारण शेजारी खिडकीतून ओरडायचे," समता म्हणाली, आणि निळी वायरही बाहेर आली. धुनेचा डबा खोक्यात गेला. दुपारपर्यंत खाली वायरींचा एवढा ढीग झाला, की चौकीदार येऊन फोटो काढून गेला.

समताने नवं वायरिंग टाकलं, काळ्या नळीतून ओवलं, टाकी बसवली आणि हात धुवायला वर गेली. जेवण झालं. गुणवंतरावांनी त्या दिवशी भात नको म्हटलं आणि तिच्याआधीच खाली आले.

"आता बघा," समता खाली येऊन म्हणाली, आणि तिने चावी फिरवली.

टप्.

फ्यूज उडाला. तिने दुसरा घातला. चावी फिरवली.

टप्.

समताने दिवा तपासला, ब्रेक तपासला, हॉर्न सोडवून पुन्हा जोडला. तिसरा फ्यूज. टप्. हळूहळू तिची बडबड बंद झाली. यार नाही, सर नाही, काहीच नाही. ती जमिनीवर बसली आणि तिने ग्रीसचा हात कपाळावरून फिरवला.

"कारखान्यात मी इतरांच्या चुका पकडते," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि इथे एवढीशी गाडी." मग बापाकडे न बघताच म्हणाली, "मिस्त्रीला फोन करा, पपा. तुमचं बरोबर होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी गुणवंतराव ती दहावी झाल्यापासून थांबले होते.

"जिंकलात ना?" वरून सुमित्राबाई म्हणाल्या. "या आता वर. हार घालते."

गुणवंतरावांनी फोन काढला. मिस्त्रीचा नंबर काढला. नंबरकडे बघितलं, लेकीच्या काळ्या कपाळाकडे बघितलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

"टाकीखाली एकदा बघून घे," ते म्हणाले.

"बघितलंय. मीच तर बांधलंय ते."

"डाव्या बाजूला. जरा आत."

"डाव्या बाजूला काही नाहीच आहे."

"असू शकतं."

समताने मान वर केली. "असू शकतं म्हणजे?"

"शक्यता नाकारता येत नाही."

समता उठली. टाकीचे बोल्ट सोडले, टाकी उचलली, डाव्या बाजूला आत हात घातला आणि एक निळी वायर बाहेर ओढली. वायरीला हिरवा टॅग होता. चिठ्ठीही होती: 'घ'.

"ही मी सकाळी काढली होती."

"हो."

"मग परत कशी आली?"

"ती," गुणवंतराव बूट न्याहाळत म्हणाले, "पुन्हा सादर झाली."

"पण धून खोक्यात आहे!"

"धून नाही जोडली. धून लावली तर तपासणीवाले पकडतील, एवढं कळतं मला. नुसती वायर जोडली. रेकॉर्डपुरती."

"रेकॉर्डपुरती!" समताचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "एक टोक चावीच्या वायरीला, दुसरं उघडं, फ्रेमला टेकलेलं! सगळा करंट सरळ फ्रेममध्ये! पपा, हा फ्यूज नसता ना, तर भैया म्हणाला ते खरं झालं असतं!"

"मैंने क्या बोला?" चौकीदार म्हणाला.

वर बाल्कनीत सुमित्राबाई गादीत तोंड खुपसून हसत होत्या. समताला हसायचं नव्हतं, पण कपाळावर काळा पट्टा असलेला तो चेहरा रागावलेला दिसेना. तिने पक्कड बापापुढे धरली.

"कापा."

"तूच काप. तुला सवय आहे."

"नाही. ही तुमच्या हाताने."

गुणवंतरावांनी पक्कड घेतली. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक फाइल वरच्याकडे पाठवली होती. त्यांनी वर पाहिलं, तर वर फक्त सुमित्राबाई होत्या. त्यांनी डोळे मात्र या वेळी मिटले नाहीत. पक्कड वाजली. निळी वायर ढिगात पडली.

नवा फ्यूज. चावी. टप् झालं नाही. गुणवंतरावांनी किक मारली, दुसरी मारली, तिसरीला गाडीने खोकला काढला आणि ती सुरू झाली. भर उन्हात पुढचा दिवा पेटला. गुणवंतराव पुढे जाऊन दिव्याकडे वाकून पाहू लागले, मग मागे धावले, समताला ब्रेक दाबायला लावला, लाल दिवा बघितला, पुन्हा पुढे आले. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. वरून कुणीतरी खिडकी आपटली.

"एवढ्याशा वायरींवर!" ते म्हणाले. "बिल्कुल नवी वाटते गं!"

"नवी नाही, जुनी. तशीच तर हवी होती." समताने चावी बंद केली. मग तिचं लक्ष बापाच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या चेहऱ्यावर आनंद होता, पण आनंदाच्या आतल्या बाजूला काहीतरी टॅग लावून ठेवलं होतं.

"पपा, माझ्याकडे बघा. मी जेवत होते तेव्हा तुम्ही फक्त ही एकच वायर जोडलीत ना?"

गुणवंतरावांनी आकाशाकडे बघितलं. मग जमिनीवरचे चहाचे कप गोळा केले, एकात एक नीट बसवले.

"पपा! आणखी कुठे?"

गुणवंतराव जिन्याकडे चालू लागले.