भुवई बदकं जायच्या आधी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. डाव्याचं करायला ती तयार नव्हती. "एक झाला ना, पुरे. ह्या वयात आणखी काय बघायचंय?" म्हणायची. पहिल्या वेळी ती इतकी घाबरली होती, की नर्सचा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे मीही फार मागे लागले नाही.

लालबागच्या आमच्या खोलीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते. नवा डोळा मिळालाय तर हिला काही लांबचं दाखवावं, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला टॅक्सीत बसवलं आणि शिवडीच्या जेट्टीवर घेऊन गेले.

चिखलावर धुकं होतं. भरतीचं पाणी आवाज न करता आत सरकत होतं. माणसं फ्लेमिंगोंचे फोटो काढण्यात गुंतली होती. आईने त्या गुलाबी रेघेकडे पाहिलं, "छान आहेत" म्हणाली आणि मान दुसरीकडे वळवली.

"ती बदकां ना गो?"

आनंदात आली की ती माहेरची मालवणी बोलते. मला आधी काहीच दिसलं नाही. मग धुक्याच्या काठावर काही ठिपके डुलताना दिसले.

"आमच्या खाडीत येयत अशी. शिमग्यापर्यंत रवत. मगे एक दिवस बघूचा तर पाणी रिकामा."

तिने तळव्याने एक डोळा झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. असं ती कितीतरी वेळ करत राहिली.

"ह्या डोळ्यान बदकां दिसतत," ती हळूच म्हणाली. "ह्या डोळ्यान नुसता पाणी."

परतताना टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुसरो पण करून टाक. पण ती जावच्या आदी."

डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं, "बदकं जायच्या आधी करा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, तसंच करा." या खेपेला तिने कुणाचाच हात धरला नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण तीन आठवडे धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. मग दर रविवारी मी एकटीच जेट्टीवर जायचे. घरी आले की दारातच प्रश्न.

"आहेत?"

"आहेत."

"काय करत होती?"

"झोपली होती बहुतेक. पाण्यावर तरंगत."

ती डोळे मिटून ऐकायची. जणू तीही कुठेतरी तरंगत असायची.

तिसऱ्या रविवारी पाणी रिकामं होतं. मी ऊन चढेपर्यंत थांबले. घरी आल्यावर तिने विचारलं, "आहेत?" मी म्हटलं, "आहेत."

पुढच्या रविवारी तिला घेऊन जाताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. धुकं विरळ झालं होतं, वारा कोमट. समुद्र कोरा पसरलेला. आई काळा चष्मा लावून कठड्याला टेकली, मला काहीच विचारलं नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो. पाणी चढत चढत खारफुटीच्या मुळांपर्यंत आलं, आणि त्या मुळांमधून सात-आठ लहानखुरी बदकं एकामागून एक बाहेर आली. मागे राहिलेली असावीत. अगदी जवळून गेली ती, घाई नव्हती त्यांना.

मी पिशवीतून दुर्बीण काढून पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"त्येका भुवई आसा बग! पांढरी!"

खरंच होती. तपकिरी डोक्यावर, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी रेघ. म्हणूनच यांना भुवई बदकं म्हणतात. मी इतक्या रविवारी येऊन ती रेघ कधी पाहिली नव्हती.

मग ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "गेल्या रविवारी खोटा बोललंस ना माका?"

"हो."

"बरा केलंस. मी आशेवर रवलंय."

तिने काळा चष्मा काढून पदरात ठेवला. उन्हात काढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उन्हाच्या बाजूला सरकून तिच्यावर सावली धरली.